ओलीची कड

आमच्या घरात एक स्टीलचा डबा तीन वर्षं अडकून पडला होता. डबा आमचा नव्हता, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा होता. २०२२च्या पाडव्याला त्यातून श्रीखंड आलं. आम्ही ते खाल्लं आणि आईने डबा घासूनपुसून ठेवला. आता कुणाचाही डबा रिकामा परत द्यायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. (तुमच्याकडेही असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.) आई त्यात काहीतरी भरून देणार होती. पण त्याआधी जुलै आला, काकूंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली, भांडण झालं आणि बोलणं बंद पडलं. मग पंचाईत अशी की डबा रिकामा देता येत नाही आणि भरून द्यावा इतके संबंध उरले नाहीत. झाकणावर काकूंचं नाव आणि त्यांच्या लग्नाची तारीख कोरलेली. दरवर्षी फाल्गुनात आवराआवर निघाली की डबा वरच्या फळीवरून खाली यायचा, आई तो फडक्याने पुसायची आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायची.

आईचा दुसरा नियम पाडव्याचा. घरात मोडकं, बंद पडलेलं, उसनं आणलेलं आणि अर्धवट राहिलेलं काही घेऊन पाडवा ओलांडायचा नाही. हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय असं विचारलं तर ती म्हणते, माझी आई सांगायची. आजीला विचारायला आता आजी नाही. माझा अंदाज असा, की वर्षातून एकदा तरी नवऱ्यांकडून कामं करून घेता यावीत म्हणून बायकांनीच कधीतरी हे शास्त्र रचलं असावं. दिवाळीची साफसफाई वेगळी, तेव्हा जळमटं, डबे, पितळेची भांडी. फाल्गुनात मात्र वर्षभर 'बघू', 'करू', 'रविवारी' म्हणत पुढे ढकललेल्या कामांचा हिशोब निघतो.

आमच्याकडे हा हिशोब बाबांकडे असायचा. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत ते ३१ वर्षं मेंटेनन्सला होते. कुठलीही वस्तू बिघडली की आधी तिच्याकडे बघत बसायचं, मग पेटी उघडायची. त्या हिरव्या पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडताना होणारा आवाज हा माझ्या लहानपणीच्या रविवारचा आवाज आहे. पान्हे, पकडी, टेफ्लॉन टेप, एम-सील, नळांचे वायसर मापाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत. आमच्या घरात प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन आलेला मी शाळेत असताना पाहिलाच नाही. इमारतीतले लोक बाबांना बोलवायचे, आणि बाबा चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत.

२०२१मध्ये त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. गोळ्या सुरू झाल्या, चालणं हळू झालं, आणि पेटी पलंगाखाली गेली. पेटी पलंगाखाली जाणं म्हणजे काय हे आमच्यापैकी कुणी तेव्हा बोललं नाही. 'बघू', 'करू' हे शब्द मात्र घरात जास्त ऐकू येऊ लागले. बाबांना कामं करता येईनात, आणि बाहेरच्या माणसाला बोलवायचं म्हटलं की ते म्हणायचे, "थांब, मी करतो."

२०२५ साली कॅलेंडरने गंमत केली होती. ३० मार्चला, रविवारी पाडवा. दुसऱ्या दिवशी, ३१ला, आर्थिक वर्ष संपणार आणि त्याच सोमवारी ईद. म्हणजे बँका-बिंकांची जी कामं असतील ती शुक्रवारपर्यंतच उरकलेली बरी. आईने मला पुण्याला फोन करून सांगितलं, "या वेळेस आठवडाभर आधी ये. यादी मोठी आहे." मी लॅपटॉप उचलला आणि २१ तारखेच्या रात्री डोंबिवलीला पोचले. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच आली होती, १७ कलमांची, व्हॉइस टायपिंग केलेली. त्यामुळे 'मिक्सरच्या भांड्याचं पातं' याचं 'मिक्सरच्या भांड्याचं पाप' झालं होतं.

त्यातली बरीच कामं हास्यास्पदरीत्या छोटी निघाली. मिक्सरच्या भांड्याखालचा रबरी कपलर ४० रुपयांना मिळाला आणि लावायला चार मिनिटं लागली. त्यावाचून आईने सात महिने चटणी खलबत्त्यात कुटली होती. हॉलमधलं घड्याळ बंद नव्हतंच, त्यात सेल उलटा घातलेला होता. शिंप्याकडे पडलेली दोन ब्लाउजं आणली. मुदत संपलेल्या गोळ्यांनी एक पिशवी भरली. कुठल्या फोनच्या होत्या ते आता कुणालाच माहीत नाही अशा चार्जरच्या वायरींचा गुंता टाकला. (तीन वायरी बाबांनी गुपचूप परत काढून ठेवल्या.) ओट्यावरच्या नळाखाली मी रात्री बादली लावून ठेवली, दहा ते सहा. सकाळी मापाने मोजलं तर साडेतीन लिटर. वायसर पाच रुपयांचा. नळ बाबांनी मला बसवायला लावला. स्वतः शेजारी उभं राहून "उजवीकडे, अगं उजवीकडे, जोर नको लावू" असं सांगत होते. नळ थांबला तेव्हा आम्हा दोघांना झालेला आनंद त्या नळाच्या मानाने फारच जास्त होता.

अठरावं काम यादीत नव्हतं.

ते मला सापडलं पीपीएफमुळे. आईच्या पीपीएफ खात्यात दोन वर्षं भरणा झालेला नव्हता. वर्षाला किमान ५०० रुपये भरले नाहीत तर हे खातं बंद पडतं. ते पुन्हा सुरू करायचं तर चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० आणि वर ५० रुपये दंड. सरकारने दिरंगाईची किंमत ठरवून टाकलेली आहे, वर्षाला पन्नास रुपये, विषय संपला. मला ही व्यवस्था फार आवडली. तर त्या खात्याचं पासबुक शोधताना कपाटाच्या तळाशी बाबांच्या डायऱ्या मिळाल्या. पतपेढीकडून फुकट मिळणाऱ्या, लाल रेक्झिनच्या. दरवर्षीच्या डायरीत मार्च महिन्याच्या एका पानावर शीर्षक, 'राहिलेली कामे', आणि खाली आकडे घालून यादी. झालेल्या कामावर आडवी रेघ. जुन्या डायऱ्यांत सगळ्या ओळींवर रेघा होत्या.

२०२३च्या डायरीत पहिलं काम होतं : 'मोरी – नहाणी ट्रॅप उघडून बघणे. खाली ओल. पावसाआधी.' त्यावर रेघ नव्हती. २०२४मध्ये पहिलंच काम : 'मोरी – ट्रॅप.' रेघ नव्हती. २०२५च्या पानावर फक्त 'मोरी'.

अक्षर दर वर्षी लहान होत गेलं होतं. हे पार्किन्सन्सचं लक्षण आहे, डॉक्टरांनी सांगितलं होतं की लिहिताना अक्षर आक्रसत जातं. २०२०ची डायरी लांबूनही वाचता येत होती. २०२५चं 'मोरी' वाचायला मी फोनचा टॉर्च लावला.

हे वाचून मी जमिनीवर बसूनच राहिले, कारण या एका शब्दावर आमच्या घराने तीन वर्षं भांडण चालवलं होतं.

प्रकरण असं होतं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, काकू पहिल्या. इमारत १९९४ची. २०२२च्या पावसाळ्यात काकूंच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, मसाल्यांच्या मांडणीमागच्या भिंतीला ओल आली. त्या वर आल्या, व्यवस्थित बोलल्या. बाबा खाली जाऊन बघून आले आणि म्हणाले, पावसाची असेल, दिवाळीपर्यंत वाट बघू. दिवाळी झाली, ओल गेली नाही. मग काकू म्हणाल्या, तुमच्या बाथरूममधून येतंय. बाबा म्हणाले, आमचं बाथरूम तुमच्या बाथरूमवर आहे, स्वयंपाकघरावर नाही, येईल कसं? सोसायटीच्या सभेत त्यांनी कागदावर नकाशा काढून हे सिद्ध केलं. सेक्रेटरींनी सांगितलं की बाहेरच्या भिंतीची किंवा सामायिक पाइपची गळती असेल तर खर्च सोसायटीचा, फ्लॅटच्या आतल्या न्हाणीची असेल तर ज्याचा फ्लॅट त्याचा, आणि कुठली आहे ते दोघांनी आपसात ठरवा. हे आपसात ठरलं नाही. कुणीतरी कुणालातरी 'खोटं बोलताय' म्हणालं. त्यानंतर जिन्यात समोरासमोर आलं की एक जण भिंतीकडे बघायचा.

पाणी सरळ खाली पडत नाही. हे बाबांना माहीत नसेल असं मी कधीही मानू शकत नाही. बाथरूमची जमीन खोलगट असते, तिथे विटांचे तुकडे आणि सिमेंट भरून वर टाइल्स बसवतात. ट्रॅपच्या सांध्यातून पाणी झिरपलं की ते त्या भरावात साठतं, मग स्लॅबमधून वाट मिळेल तिकडे सरकतं आणि जिथे फट असेल तिथे बाहेर येतं. बाथरूम आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत. नकाशा बरोबर होता, निष्कर्ष चूक होता. आणि तो काढणाऱ्याने घरी येऊन डायरीत 'खाली ओल' असं लिहून ठेवलं होतं.

इथे माझंही सांगायला हवं. सगळं बाबांवर ढकलून निबंध लिहिणं सोपं आहे. मला काही कळत नव्हतं असं नाही. आमच्या बाथरूमच्या कोपऱ्यातली टाइल पाय दिला की पोकळ वाजायची, ती मी कितीदा वाजवून पाहिली होती. काकू घरून पोळीभाजीचे डबे देतात हे मला माहीत होतं. ओल आलेल्या भिंतीजवळ पीठ, मसाले, डाळी ठेवणं म्हणजे काय, हेही समजण्याइतकी मी मोठी आहे. पुण्यात माझ्या भाड्याच्या घरात गीझर बिघडला तर मी अ‍ॅपवरून दीड तासात माणूस बोलावते. इथे दर महिन्याला यायचे, दोन दिवस राहायचे, वातावरण बिघडायला नको म्हणून विषय काढायचे नाही. जिन्यात काकू दिसल्या की मी फोन बाहेर काढून त्यात बघत वर जायचे. फोनवर काहीही नसायचं.

लहानपणी शाळेतून आल्यावर घराला कुलूप असलं की मी ज्यांच्याकडे पोळीचा लाडू खात बसायचे, त्या या काकू.

डायरी घेऊन मी बाबांसमोर बसले. वाटलं होतं ते चिडतील. ते बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "माहीत होतं." मग म्हणाले, "मी स्वतः करणार होतो. एका रविवारचं काम आहे असं वाटायचं. फोडायचं, सांधा बदलायचा, बंद करायचं. मग कुणाला काही सांगायची गरज नव्हती."

"तीन वर्षं?"

"दर वर्षी वाटायचं, या वर्षी हात बरा होईल."

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती बाहेर आली नाही. फक्त तिथूनच म्हणाली, "प्लंबरला फोन लाव गं. आजच लाव."

सोमवारी प्लंबर आला. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याचा. त्या भागातली माणसं देशभर प्लंबिंगची कामं करतात, तुमच्या शहरातही कुणीतरी असेल. सोबत टाइल्सचं काम करणारा गवंडी. त्याचे रोजे सुरू होते आणि ईदच्या आधी त्याला हिशोब मिटवून घरी जायचं होतं, त्यामुळे काम रखडू नये असं त्यालाही वाटत होतं. खर्च सांगितला ३८,००० रुपये. बाबांनी आकडा ऐकला आणि मान हलवली. त्यांना खर्चापेक्षा एम-सीलने किती दिवस निघाले असते याचा हिशोब करायची सवय, पण त्या दिवशी काही बोलले नाहीत.

मंगळवारी सकाळी फोडायला सुरुवात झाली. बाबा बाथरूमच्या दारात प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. हातोडीचा प्रत्येक घाव त्यांच्या खांद्यात दिसत होता. त्या टाइल्स १९९८मध्ये त्यांनी रजा काढून, एका मदतनिसाला घेऊन बसवल्या होत्या. आकाशी रंगाच्या, मध्ये मासा असलेल्या. मी तेव्हा चार वर्षांची होते, एका माशाच्या डोळ्याला नेलपेंट लावून मार खाल्ला होता. तो मासा मला तुकड्यांत दिसला आणि मी उगाच चहा करायला गेले.

दुपारी ट्रॅपपर्यंत पोचले. आतला भराव ओलाचिंब होता. विटांचे तुकडे दाबले तर चुरा व्हायचे, वास कुजलेला. ट्रॅपच्या सांध्यावर एम-सीलचे थर एकावर एक. वरची जाळी काढून जेवढा हात आत जाईल तेवढ्यात बाबांनी वेगवेगळ्या वर्षी लावलेले. शेवटचा थर वेडावाकडा होता, बोटांचे ठसे उठलेले. तो कधीचा असेल ते मी विचारलं नाही.

प्लंबरने जमिनीवर मग्गाभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे जायच्याऐवजी कोपऱ्याकडे निघालं. तो म्हणाला, "स्लोप ही उल्टा है. शुरू से. ये किसने किया था?"

मी आईकडे बघितलं. आईने पदराला हात पुसले.

"मी," बाबा म्हणाले. मग हिंदीत, "मैंने."

प्लंबर एक क्षण थांबला. त्याने स्टुलावर बसलेल्या माणसाचा हात पाहिला असावा. म्हणाला, "सत्ताईस साल चला ना, काका. आजकल का पाच साल नहीं चलता." आणि पुन्हा कामाला लागला. ढाळ उलटा होता तो हाताला कंप नसताना. हे बाबांना बरं वाटण्यासारखं होतं की वाईट वाटण्यासारखं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्यानंतर ते स्टुलावरून उठले आणि पलंगाखालची पेटी काढून प्लंबरला म्हणाले, "यातलं काही लागलं तर घ्या." प्लंबरने स्पिरिट लेव्हल घेतली. लाकडी चौकटीतली, जुनी, पितळी पट्टीची. "ये अच्छी चीज है," म्हणाला.

बुधवारी ट्रॅप आणि पाइप बदलले. गुरुवारी प्लास्टर, शुक्रवारी सकाळी वॉटरप्रूफिंगचा पहिला हात, संध्याकाळी दुसरा. टाइल्स पाडव्याआधी बसणार नाहीत हे स्पष्ट झालं. त्याआधी चाचणी असते. जाळीचं तोंड बंद करायचं, बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत पाणी भरायचं आणि किमान २४ तास तसंच ठेवायचं. गळत असेल तर आत्ताच कळतं, टाइल्स बसल्यावर नाही.

प्लंबरने हे सगळं समजावलं आणि सहज म्हणाला, "नीचेवाले को बोल दो, देखते रहेंगे."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट ३८,००० रुपयांत नव्हती. वर भरलेलं पाणी गळतंय की नाही हे वर राहून कळतच नाही. त्यासाठी खाली जावं लागतं, त्यांचं दार वाजवावं लागतं, त्यांच्या ओट्याशी उभं राहून वर बघावं लागतं.

शनिवारी अमावस्या होती. एरवी अमावस्येला आई कुठलंही नवं काम काढत नाही. त्या दिवशी संध्याकाळी बाथरूममध्ये पाणी भरून झालं आणि तीच म्हणाली, "हे जुनं काम आहे, याला अमावस्या लागत नाही." मी खाली गेले. बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, हाताला पीठ. मी ठरवलेलं वाक्य विसरले आणि म्हणाले, "काकू, पाणी आमच्याकडूनच येत होतं. आम्ही काम करून घेतलंय. आता वर पाणी भरून ठेवलंय, ते खाली येतं का ते बघायचंय."

त्या म्हणाल्या, "पाच दिवस ठोकाठोक ऐकतेय. कळलं मला." दार उघडंच ठेवून त्या आत गेल्या, पण ये म्हणाल्या नाहीत. मग आतूनच आवाज आला, "उद्या या. सकाळी. आत्ता डबे चाललेत."

मी वर येऊन जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी फक्त एक प्रश्न विचारला, "'ये' म्हणाली की 'या'?"

"या."

त्यावर आईने बाजारात पाठवून चक्का आणवला, रात्रीच साखर घालून ठेवला. वरच्या फळीवरून डबा खाली काढला. या वेळी तो पुसून परत वर गेला नाही.

पाडव्याची पहाट आमच्याकडे यंदा विचित्र होती. बाथरूममध्ये चार इंच पाणी साठवलेलं, त्यामुळे तेल-उटण्याची अंघोळ आम्ही तिघांनीही पाळीपाळीने संडासात बादली ठेवून उरकली. आई म्हणाली, हे कुठे लिहू नकोस. गुढीची काठी धुणं, साडी नेसवणं, कडुनिंबाचा डहाळा आणि साखरेच्या गाठी बांधणं हे बाबांचं काम. यंदा सुतळीची गाठ त्यांना बसेना. तीनदा सुटली. मग त्यांनी काठी धरली आणि गाठ मी मारली. खाली रस्त्यावर फडके रोडकडे निघालेल्या बायका नऊवाऱ्या नेसून, नथी घालून चालल्या होत्या. १९९९पासून आमच्या गावात पाडव्याची स्वागतयात्रा निघते आणि बाबांनी तिचं एकही वर्ष चुकवलेलं नव्हतं. या वर्षी ते म्हणाले, "आधी खाली जाऊ."

एक मजला. पंधरा पायऱ्या. बाबांना उतरायला वेळ लागतो, चढण्यापेक्षा उतरताना जास्त. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात टॉर्च. पुढे आई डबा घेऊन, मागे मी.

काकूंनी दार उघडलं. आईने डबा पुढे केला. काकूंनी झाकणावरचं स्वतःचं नाव वाचलं. "अगंबाई, हा तुमच्याकडेय? मी लेकीला बोलत होते, तुझ्या सासरी राहिला म्हणून." आई म्हणाली, "रिकामा कसा देऊ?" तेवढंच. दोघी तिथेच हॉलमध्ये थांबल्या. माझे बाबा टॉर्च लावून सरळ स्वयंपाकघरात गेले. त्यांना लोकांशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोलणं सोपं जातं.

मसाल्यांची मांडणी त्या भिंतीवर नव्हती. खिळ्यांची भोकं होती, मांडणी समोरच्या भिंतीवर गेली होती. पिठाचे डबे हॉलमध्ये, सोफ्याच्या मागे, हे मला येतानाच दिसलं होतं. छताच्या खाली रंग पोपडे येऊन सुटला होता, आतला सिमेंटचा काळपट भाग दिसत होता, खालच्या कडेला बुरशी. आणि त्या डागाभोवती पेन्सिलीच्या रेघा होत्या.

आधी मला त्या भेगा वाटल्या. जवळ गेले तेव्हा दिसलं की डागाच्या कडेने कुणीतरी बारीक रेघ काढली होती आणि बाजूला तारीख घातली होती. १२/८/२२. तिच्या बाहेर दुसरी, ३/११/२२. मग तिसरी, चौथी. एकीबाहेर एक, भूगोलाच्या नकाशात डोंगर दाखवतात तशा. शेवटची, सगळ्यात बाहेरची, खिडकीच्या चौकटीपर्यंत पोचलेली, २०/२/२५.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मी," काकू दारातून म्हणाल्या. "स्टुलावर चढून. तुझ्या बाबांनीच सांगितलं होतं पहिल्यांदा आले तेव्हा. म्हणाले, कडेने पेन्सिलीने आखून ठेवा आणि तारीख घाला. वाढलं तर कळेल, नुसत्या डोळ्याला कळत नाही."

बाबांनी टॉर्च एकेका रेघेवरून फिरवला. प्रकाश हलत होता, पण त्यांचा हात आता नेहमीच हलतो. ते खूप वेळ बघत होते. वरून आमच्या बाथरूमचा आवाज येत नव्हता, पाण्याचा थेंबही नव्हता. खाली रस्त्यावर ढोल-ताशा सुरू झाला होता.

मग त्यांनी भिंतीला तळवा टेकवला, जशी तापलेल्या पोराच्या कपाळाला टेकवतात. छताला लागून, मग थोडं खाली, मग खिडकीजवळ.

"रात्रीत वाढलेलं नाही," ते म्हणाले. "पण संध्याकाळी पुन्हा बघायला हवं. उद्याही. भिंत सुकायला पावसापर्यंत वेळ लागेल. सुकली की मी… की रंगाला माणूस पाठवतो. खर्च आमचा."

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी फ्रिजवरच्या डब्यातून पेन्सिल काढली आणि बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती घेतली, भिंतीपर्यंत नेली, टोक भिंतीवर टेकलं आणि थरथरलं, एक वेडावाकडा ठिपका उठला. त्यांनी हात खाली घेतला आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"तू काढ. कडेकडेनं. घाई नको करू."

मी स्टुलावर चढले. शेवटच्या रेघेवरूनच पेन्सिल फिरवली, कारण कड तिथेच होती. काकू खालून स्टूल धरून उभ्या होत्या. रेघ पूर्ण झाल्यावर बाबा म्हणाले, "तारीख."

मी लिहिली, ३०/३/२५.

"मोठ्या अक्षरात लिही," बाबा म्हणाले. "वाचता यायला हवं."